दौलतचे दोन सा

मला गिटार वाजवता येत नाही. मांडीवर ती नीट कशी ठेवायची तेही मी कधी शिकलो नाही. तरी चांद्यात एक काळ असा होता की गिटार वाजवणारे लोक शिकायला माझ्याकडे येत आणि मी त्यांना शिकवत असे. काय शिकवतो हे तेव्हा मला पक्कं ठाऊक होतं. मग दौलत मांढरे आला, आणि ते ठाऊक असणं जे डळमळलं ते आजतागायत पुरतं जाग्यावर आलेलं नाही. दिवाळी अंकासाठी तुमच्या पेशातलं काही लिहा, असं सांगणं आल्यावर मी आधी आमच्या गायनशाळेचा इतिहास लिहायला घेतला होता. दोन पानं लिहिली आणि फाडली. त्या पानांत सगळं सरळ चाललेलं दिसत होतं. मला जे आठवतं ते तसं नाही.

चांदा म्हणजे आजचं चंद्रपूर. आमचा जिल्हा मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेला, त्याच्या आगेमागेचा हा काळ. जटपुरा दरवाज्याच्या आत माझी गायनशाळा होती. शाळा म्हणजे एक लांबट खोली, एक पेटी, दोन तंबोरे, तबल्याची जोडी आणि भिंतीला टेकवलेला फळा. गाणं शिकायला मुली येत, भजनी मंडळातले लोक येत. गिटार आमच्याकडे कोळशाच्या मागोमाग आली. माजरी, बल्लारपूरकडच्या खाणींत बंगाली बाबू नोकरीला येत आणि त्यांच्या ट्रंकांबरोबर एखादी हवाईयन गिटार फलाटावर उतरत असे.

ही गिटार छातीशी धरत नाहीत. मांडीवर आडवी ठेवतात. उजव्या हाताच्या बोटांत धातूच्या नख्या घालून तारा छेडतात आणि डाव्या हातात पोलादाची गुळगुळीत कांडी धरून ती तारांवरून सरकवतात. कांडी जिथं थांबेल तिथला सूर. खाली पट्टीवर रेघा मारून घरं पाडलेली असतात, पण कांडी रेघेपासून केसभर मागंपुढं झाली की सूर गेला. पेटीची पट्टी दाबली की सूर आपोआप बरोबर येतो, तशी सोय इथं नाही. म्हणून या वाद्याला बोटांपेक्षा कान जास्त लागतो. चांद्यात गिटारचा मास्तर नव्हता. मग कोणीतरी या गिटारवाल्यांना सांगितलं, की हात तुमचा तुम्ही तयार करा, कानासाठी गवयाकडं जा. असे ते माझ्याकडे आले.

मी दोन गोष्टी करून घेत असे. एक म्हणजे पेटीवर मी सूर वाजवायचा आणि त्यांनी पाठ करून बसून तो कोणता ते सांगायचं. दुसरी म्हणजे वाचून गाणं. फळ्यावर सारेगमच्या अक्षरांत मी एक ओळ लिहायचो, त्यांनी कधी न ऐकलेली. अक्षराखाली आडवी रेघ असली तर सूर कोमल, डोक्यावर टिंब असलं तर वरच्या सप्तकातला. ती ओळ पाहून लगेच गायची, आधाराला फक्त तंबोरा. गिटारवाल्यांना हे फार जड जाई. त्यांचा हात गळ्याच्या आधी पळे. फळ्यावर 'ग' दिसला की डावा हात हवेतल्या हवेत सरकायचा, आणि हात कुठं गेला ते पाहून गळा सूर काढायचा. म्हणून मी त्यांना दोन्ही हात मांडीखाली दाबून बसवत असे. आधी गा, मग वाजव, हा माझा एकच नियम. गळ्यात आला तो सूर तुमचा, नुसत्या बोटांत आला तो लाकडाचा, असं मी सांगायचो. सांगताना बरं वाटायचं.

या नियमाला पहिला धक्का एका रेंजरसाहेबांनी दिला, पण तो मी हसण्यावारी नेला. ते आलापल्लीच्या जंगलात नोकरीला होते, सरकारी कामानं चांद्याला आले की माझ्याकडे येत. गिटार ते इंग्रजी पुस्तकावरून शिकले होते. त्या पुस्तकात प्रत्येक सुराला कायमचं नाव होतं. आमचा सा तसा नसतो. गाणाऱ्याचा गळा जिथं सुखानं बसेल तिथं सा धरायचा आणि बाकीचे सूर त्याच्यापासून मोजायचे. एकदा मी पेटीच्या पांढरी एकवर सा दिला, पुढच्या खेपेला काळी दोनवर. रेंजरसाहेब थांबले. मागच्या वेळी सा इथं होता, तो उठून तिकडे कसा गेला, असं त्यांनी विचारलं. मी समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मास्तर, आम्ही सागाच्या झाडावर एकदा नंबर टाकला की तो झाड पडेपर्यंत बदलत नाही." त्यानंतर ते आले नाहीत. मला वाटलं, ह्यांना समजलं नाही. आता वाटतं, दोघांपैकी कोणाला समजलं नव्हतं कोण जाणे.

दौलत त्याच वर्षी आला.

तो माजरीच्या खाणीत शॉटफायरर होता. कोळशाच्या भिंतीत भोकं पाडून त्यांत बारूद भरायची, तोंडाला माती ठासायची, सगळ्यांना वळणाआड पाठवायचं आणि मग शॉट, म्हणजे सुरुंग, उडवायचा, हे त्याचं काम. मूळ घर वर्धा नदीत मासे धरणाऱ्यांचं. वडील जाळं टाकत, भाऊ टाकत, हा एकटा खाणीत उतरला. एका बंगाली बाबूनं त्याला गिटारवर हात फिरवायला शिकवलं आणि बदली होऊन जाताना गिटार त्याच्याकडेच ठेवून गेला. पंचविशी ओलांडलेला, रुंद खांद्यांचा, हळू बोलणारा माणूस. रविवारी खाणीला सुट्टी असे. सकाळच्या पॅसेंजरनं तो आणि त्याची बायको सखू चांद्याला येत. गिटार घोंगडीत गुंडाळलेली. सखू बाजार करून येई आणि मग दाराशी बसून ऐकत राही.

पहिल्याच दिवशी त्यानं एक गाणं वाजवून दाखवलं. हात सुरेख होता, कानही बरा होता. मी विचारलं, तुला माझ्याकडून काय पाहिजे? तो म्हणाला, "मले आयकलेलं वाजवता येते, मास्तर. लिहिलेलं नाई येत."

लिहिलेलं कशाला पाहिजे, ते सखूनं सांगितलं. तिचं माहेर झाडीत, वैनगंगेकडच्या एका गावात. वडिलांची थोडी धानाची शेती होती आणि गावच्या तलावात मासेमारीचा वाटा होता. गावात त्यांना सगळे बापूजी म्हणत. धान निघाल्यावर आमच्या झाडीपट्टीत गावोगाव नाटकं होतात, तशी त्या गावचीही नाटकमंडळी होती आणि बापूजी तिचे प्रमुख होते. गाणी तेच रचत, चाली तेच लावत, आणि कुठूनतरी शिकलेल्या सारेगमच्या अक्षरांत त्या उतरवून ठेवत. जावयानं नदी सोडून कोळसा धरला आणि वरून ती परकी गिटार मांडीवर घेऊन बसतो, हे त्यांना मुळीच आवडलं नव्हतं. लग्नापासून ते दौलतशी जेवढ्यास तेवढंच बोलत. यंदा मात्र त्यांनी निरोप पाठवला होता, की आमचा सारंगीवाला आता थकला, माझ्या चाली कागदावरून वाचून वाजवता येत असतील तर नाटकाला या. हे बोलावणं दौलतला किती मोलाचं वाटत होतं ते त्यानं एकदाही बोलून दाखवलं नाही. पण दर रविवारी न चुकता तो हात मांडीखाली दाबून बसे आणि गात असे.

त्याच्यासारखा शिष्य मला पूर्वी मिळाला नव्हता. पावसाळा संपेस्तोवर तो सोप्या ओळी एका दमात वाचून गाऊ लागला. कान तर इतका उघडला की तो खाणीतले आवाज माझ्याकडे घेऊन यायचा. खाणीत उतरणाऱ्यांना दिवे देतात त्या दिव्यांच्या खोलीची घंटा सा धरली तर माजरीचा भोंगा पंचम आहे, असं त्यानं मला एकदा सांगितलं. मी मुद्दाम माजरीला गेलो तेव्हा ऐकून पाहिलं. पंचमच होता. परतीच्या गाडीत मला फार अभिमान वाटत होता. दौलतचा की स्वतःचा, ते नीट सांगता येणार नाही.

दसऱ्यानंतर एक रविवार तो आला नाही. पुढच्या रविवारी आला तो जरा उतरलेला दिसला. मी पेटीवर सा दिला. दौलतनं गायलेला सूर वर होता, जवळजवळ कोमल रे. मी पुन्हा दिला. या वेळी तो खाली गेला, मग वर आला, आणि थांबला. ताडी पिऊन आलास का, म्हणून मी विचारलं. त्यानं नकारार्थी मान हलवली. पेटीकडे पाहत तो म्हणाला, "मास्तर, तुमची पेटी दोन आवाज देऊन राह्यली."

मला पेटीचाच संशय आला. दमट हवेत पेटीच्या आतल्या पितळी पट्ट्यांवर किटण चढतं, मग एकाच पट्टीखालचे दोन सूर एकमेकांशी भांडतात. मी पेटी उघडली, ब्रशनं झाडली, एकेक पट्टी वाजवून पाहिली. मला एकच आवाज ऐकू येत होता. तंबोरा घेतला. तंबोराही दोन आवाज देतो, असं दौलतचं म्हणणं. सखूला विचारलं. ती म्हणाली, मला तर एकच ऐकू येतो, पण मला काय कळतं त्यातलं.

ते दोघं गेल्यावर मला शांत बसवेना. माझी चाळिशी उलटली होती. कान वयानं उतरतात हे मी ऐकून होतो. बिघडली ती पेटी नसून माझा कानच असेल तर? दुसऱ्या दिवशी मी महाकालीच्या देवळात गेलो आणि घंटेखाली उभा राहून, एक कान झाकून एकदा, दुसरा झाकून एकदा, घंटा वाजवून पाहिली. येणारे-जाणारे माझ्याकडे बघत होते. पुजाऱ्यानं विचारलं, मास्तर, काही नवस आहे का? मी काहीतरी उत्तर दिलं. आणि खरं सांगायचं तर, त्या वेळी मला दोन कानांत थोडा फरक वाटला. घरी येऊन पेटीवर पाहिलं तेव्हा तो वाटेना. सबंध आठवडा मी शिष्यांच्या चुका काढताना अडखळत होतो. एका मुलीचा गंधार उतरला असं मी म्हणालो आणि लगेच म्हणालो, नाही, राहू दे, बरोबर असेल.

पुढच्या रविवारी मी दौलतचे कान तपासले. ही युक्ती मला देवळातच सुचली होती. त्याला उजवा कान तळव्यानं झाकायला लावला आणि सा दिला. तो ठामपणे वर गायला, न डगमगता, जणू मी तोच सूर दिला होता. मग डावा कान झाकून तोच सा दिला. आता तो गाताना डगमगू लागला, सूर सापडेना. मी म्हटलं, गाऊ नकोस, गिटारची तार लाव. डावा कान तसाच झाकून त्यानं खुंटी पिळली आणि तार माझ्या सा ला बिनचूक मिळाली. म्हणजे त्याच कानानं तार लागत होती आणि गळा लागत नव्हता. मी चार वेळा करून पाहिलं. चारही वेळा तसंच झालं. माझी मती गुंग झाली.

"काय झालं तुझ्या कानाले?" मी विचारलं.

तो गिटारची खुंटी चाचपत बसला. शेवटी दाराशी बसलेली सखूच म्हणाली, "सांगून टाका नं. मास्तरांपासून काय लपवता?"

मग त्यानं सांगितलं. जो रविवार चुकला, त्याच्या आधी खाणीत एक शॉट उडाला नव्हता. तो फसला असं समजून, थोडं थांबून त्यानं वळणातून डोकं बाहेर काढलं, आणि तेवढ्यात तो उडाला. अंगाला काही झालं नाही, कोळशाची धूळ तेवढी बसली. डाव्या कानातून थोडं रक्त आलं. दोन दिवस कानात शिट्टी वाजत राहिली. शिट्टी थांबली तेव्हा भोंगा झाला, आणि त्याला एकाच वेळी दोन भोंगे ऐकू आले, एक रोजचा आणि एक त्याच्या जरासा वरचा. खाणीत हे कळलं तर बारूदीच्या कामावरून काढतील म्हणून तो गप्प राहिला. आणि सासऱ्याला कळलं तर नाटकाचं बोलावणं जाईल, हेही होतंच.

मी त्याला चांद्याच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी कानात दिवा धरून पाहिलं. पडदा भरून आला आहे म्हणाले. दोन सुरांबद्दल ऐकल्यावर त्यांनी मोकळेपणानं सांगितलं, की असं मी पूर्वी कधी ऐकलं नाही, नागपूरला दाखवा. नागपूरचे डॉक्टर वयस्कर होते. मोठ्या आवाजानं एका कानाची आतली नस दुखावली तर दोन कानांना एकच सूर वेगवेगळा ऐकू येऊ शकतो, असं त्यांनी वाचलं होतं. बरं होईल का, तर कदाचित होईल, कदाचित नाही. औषध काही नाही. डावा कान कापसानं बंद ठेवून पाहा, असं ते म्हणाले. पण गाताना मग काय होतं, मी विचारलं. ते म्हणाले, कानात बोट घालून गुणगुणून पाहा. मी तिथंच पाहिलं. वाचकांनीही पाहावं. बाहेरचे आवाज त्या कानाला बंद होतात, पण आपलाच आवाज त्याच कानात मोठ्यानं घुमायला लागतो. म्हणजे दौलतनं दुखावलेला कान बंद केला की गिटार त्याला सरळ ऐकू येणार, आणि तो गायला लागला की त्याचा स्वतःचा गळा त्याला फसवणार.

परतीच्या गाडीत माझाच नियम मला टोचत होता. मी पंधरा वर्षं शिकवत आलो होतो, की आधी गा, मग वाजव. या माणसासाठी तेच विष होतं. त्यानं गायलाच नको होतं. मग त्याला शिकवायला माझ्याकडे उरलं काय? मी गिटार वाजवत नव्हतो. मला फक्त गाता येत होतं.

नाटक पौषात होतं. बापूजींच्या चालींचे कागद येऊन पडले होते. दौलत म्हणाला, सासऱ्यांना कळवून टाकतो, येत नाही म्हणून. मी म्हणालो, थांब. काऊन थांबू, असं त्यानं विचारलं. सखू म्हणाली, मास्तर म्हणतात तर थांबा.

मग आम्ही सगळं उलटं करायला घेतलं. हात मांडीखालून काढायला लावले. कागदावरचा 'ग' पाहायचा आणि कांडी थेट त्या घरावर न्यायची, मध्ये गळा आणायचा नाही. डाव्या कानात कापूस आणि वरून मेण. उजव्या कानानं फक्त एवढं पाहायचं की सूर रेघेवर बसला की नाही. जे इतरांनी केलं की मी चोरी म्हणून ओरडत होतो, तेच त्याच्याकडून घोटून घेत होतो. त्याच खोलीत, त्याच दिवशी सकाळी मुलींना मी सांगायचो, की गळ्याशिवाय सूर कळत नाही, आणि दुपारी दौलतला सांगायचो, की तोंड बंद ठेव. कधीकधी मध्येच माझा घोटाळा व्हायचा आणि मी मुलींना म्हणायचो, गाऊ नका. त्या हसायच्या.

पौषात मी त्यांच्याबरोबर झाडीत गेलो. चांदा फोर्टहून सुटणाऱ्या छोट्या गाडीनं गेलो आणि पुढं बैलगाडीनं. बापूजी उंच, वाळलेले, डोक्याला पांढरं मुंडासं. त्यांनी माझं आगतस्वागत केलं, जावयाला नुसतं 'आले का' म्हणाले. दुपारी अंगणात तालीम बसली. नाटकातली मुख्य गाणी बापूजी स्वतःच गाणार होते. दौलतनं कागद पाहून पहिली चाल वाजवली आणि ती अशी सरळ आली, की अंगणातले लोक जवळ सरकले. बापूजींची मान हलत होती.

गडबड झाली ती दुसऱ्या गाण्याला. बापूजींचा गळा बसला होता. काळी दोनमध्ये गाता गाता त्यांना वर जाता येईना, आणि गाणारे करतात तसं त्यांनी न सांगता सा खाली ओढला. पूर्वीचा दौलत असता तर त्यानं एकदा गुणगुणून नवा सा पकडला असता. आता तो गुणगुणू शकत नव्हता. त्याची कांडी जुन्याच सा वर चालली होती, बापूजी खाली, तो वर. बापूजी थांबले.

"जवाईबापू, तुमी मले आयकतच नाई," ते म्हणाले. "आपल्याच मनानं वाजवून राह्यले."

दौलतनं खाली पाहिलं. सखू स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. मी उठून त्याच्या उजव्या बाजूला जाऊन बसलो आणि कानाशी तोंड नेऊन म्हणालो, "दोन घरं खाली." त्यानं कांडी दोन घरं खाली घेतली. मी बापूजींना पुन्हा सुरुवात करायची विनंती केली. सूर जुळले. पुढं तालमीत बापूजी जिथं जिथं सरकले तिथं मी घरं मोजून सांगत गेलो, एक खाली, एक वर. ज्याला गिटार मांडीवर कशी ठेवायची कळत नाही, तो गिटारची घरं सांगत होता.

नाटकालाही तसंच केलं. पडद्याच्या कडेला, पेंढ्याच्या गादीवर मी त्याच्या उजव्या कानाशी बसलो होतो. लोकांना वाटलं, चांद्याहून गुरू आले आहेत, काही गूढ मंत्र सांगत आहेत. शेजारच्या गावांतून बैलगाड्या भरून लोक आले होते. गाण्यांना वाहवा मिळाली. खेळ संपल्यावर बापूजी सगळ्यांच्या देखत दौलतजवळ आले, त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, पुढल्या साली पण तुमाले याले लागते. सखूनं डोळ्यांना पदर लावला. मलाही भरून आलं होतं.

दुसऱ्या दिवशी परतताना बैलगाडीत दौलत माझ्याकडे वळला. "मास्तर, कसं झालं?" त्यानं विचारलं.

मी म्हणालो, इतकं चांगलं तू कधीच वाजवलं नव्हतंस.

"असं का," तो म्हणाला. "मले तं काईच समजलं नाई. तुमी घर सांगत होते, मी जात होतो. कापूस घातला तरी थोडं थोडं दुसरं आयकू येतच होतं. लोकं खुश झाले म्हून मी समजलो, बरोबर असन."

मी ज्याला यश म्हणत होतो, ते त्याच्यापर्यंत पोचलंच नव्हतं. आम्ही सगळ्यांनी एक गाणं ऐकलं आणि ते वाजवणाऱ्यानं ते ऐकलं नाही. हे चांगलं झालं की वाईट, हे मला तेव्हा ठरवता आलं नाही. बैलगाडी तलावाच्या पाळीवरून चालली होती आणि सखू आम्हा दोघांकडे आळीपाळीनं पाहत होती.

त्यानंतर तो हळूहळू यायचा थांबला. बारूदीचं काम त्यानं स्वतःच सोडल्याचं कळलं. खरं काय ते वरिष्ठांना सांगितलं, आणि त्यांनी त्याला वर दिव्यांच्या खोलीत काम दिलं. मी गिटारवाल्यांना शिकवतच होतो. पण कोणी सूर चुकला की पूर्वीसारखं फाडकन बोलवत नसे. तुला काय ऐकू आलं, असं आधी विचारायची सवय लागली. काही शिष्यांना हा मास्तर स्वतःच गोंधळलेला आहे असं वाटे. ते चूक नव्हतं.

पुढच्या उन्हाळ्यात एका रविवारी दौलत आणि सखू दारात उभे. घोंगडीत गिटार. दौलतचा चेहरा इतका उजळलेला मी पूर्वी पाहिला नव्हता.

"मास्तर," तो बसायच्या आधीच म्हणाला, "आता एकच आयकू येते."

मी उठून त्याला मिठीच मारली. घरात सांगून शिरा करायला लावला. तो फळ्यासमोर बसला, गिटार लावली, कापूस नाही, मेण नाही. बापूजींचंच एक गाणं त्यानं सुरू केलं. मी तंबोरा घेऊन त्याच्या शेजारी बसलो होतो. सूर एकेक करून रेघेवर बसत होते, आणि या वेळी तो वाजवताना डोळे मिटून स्वतः ऐकत होता. गाणं संपलं. मी म्हणालो, आता हीच ओळ गाऊन दाखव. तो तारांकडे पाहत राहिला. मला वाटलं, रंगला आहे. मी पुन्हा म्हणालो, जरा मोठ्यानं. त्याची मान वळली नाही.

"मास्तर, तिकडून नोका बोलू," सखू दारातून म्हणाली. "इकडून या."

मी त्याच्या डाव्या बाजूला बसलो होतो.

मी उठलो, त्याच्या मागून फिरून उजवीकडे येऊन बसलो. तंबोरा माझ्या हातातच होता. दौलतनं मला जागा बदलताना पाहिलं आणि मला कळलं आहे हे त्याच्या ध्यानात आलं. डावा कान गेल्या महिन्याभरात पूर्ण गेला होता, आणि त्याच्याबरोबर तो दुसरा सूरही. त्याला ते माहीत होतं. सखूला माहीत होतं. मला सांगायचं म्हणूनच ते आले होते, फक्त सांगायला सुरुवात त्यांनी खुशीच्या बाजूनं केली होती.

"काऊन चूप झाले, मास्तर?" तो म्हणाला. "मी खुशीची गोष्ट सांगाले आलो."

खुशीचीच आहे, असं मी म्हणालो. ते खरं आहे की नाही याचा मी अजून विचार करतो. पण त्या वेळी तो माझ्याकडे पाहत होता, म्हणून मी तंबोऱ्याची तार छेडली. त्यानं दोन्ही हात गिटारवर पालथे ठेवले, तोंड उघडलं आणि सा लावला. तो तंबोऱ्याला मिळाला. मग सखूनं शिऱ्याच्या बश्या आत आणल्या आणि आम्ही तिघं खात बसलो.